ताळेबंदाबाहेरचे देणे

2 डिसेंबर 2001 रोजी अमेरिकेतील एन्रॉन कॉर्पोरेशनने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. मात्र तिच्या महाराष्ट्रातील, गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाची वीजनिर्मिती त्याआधीच, मे 2001 मध्ये थांबली होती. या दोन घटनांची तात्कालिक कारणे वेगळी असली, तरी लेखापरीक्षकांसाठी त्यांतून निघणारा धडा एकच आहे.

ह्यूस्टनमध्ये, एन्रॉनच्या मुख्यालयात, ‘विशेष हेतू संस्था’, म्हणजे ठरावीक व्यवहारासाठी उभारलेल्या कागदोपत्री स्वतंत्र कंपन्या व भागीदाऱ्या, यांच्या नावे कर्ज व तोटा ठेवला जात असे आणि त्यामुळे तो मूळ कंपनीच्या ताळेबंदात दिसत नसे. आर्थर अँडरसन या लेखापरीक्षक संस्थेला 2000 मध्ये एन्रॉनकडून लेखापरीक्षणापोटी सुमारे 2.5 कोटी, तर इतर सेवांपोटी सुमारे 2.7 कोटी डॉलर मिळाले. ज्याच्याकडून एवढे उत्पन्न येते, त्याला कठोर प्रश्न विचारणे किती अवघड असते, हे या आकड्यांवरून कळते.

दाभोळच्या वीज खरेदी करारात (8 डिसेंबर 1993) क्षमता आकार होता. प्रकल्प सज्ज असेल तर वीज घेतली किंवा न घेतली तरी द्यावी लागणारी ही स्थिर रक्कम मोठ्या प्रमाणात डॉलरशी बांधलेली असल्याने, रुपया घसरला आणि प्रकल्पाचे इंधन असलेला नाफ्था महागला तेव्हा वीज विकत घेणाऱ्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचा खर्च दोन्ही बाजूंनी वाढला. वीस वर्षे देत राहण्याचे असे बंधन कर्जाहून फारसे वेगळे नसते.

मुंबईतील गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांना महापालिकेच्या बेस्ट उपक्रमाची वीज मिळत असल्यामुळे तेथील घरगुती बिलांवर दाभोळचा थेट भार पडला नाही. परंतु प्रकल्पाला आयडीबीआय, आयसीआयसीआय व स्टेट बँक यांनी कर्जे दिली होती आणि मंडळाच्या देण्यांना राज्य सरकारची हमी होती. म्हणजेच वरून सुरक्षित दिसणाऱ्या ठेवीदाराचा आणि करदात्याचा पैसाही त्यात गुंतलेला होता.

म्हणून लेखापरीक्षकाने ताळेबंदातील आकडे पडताळून थांबू नये. हमीपत्रे, दीर्घ मुदतीचे खरेदी करार आणि संबंधित संस्थांशी झालेले व्यवहार मुळातून वाचावेत आणि देण्याचे बंधन दिसेल तेथे ते स्पष्ट शब्दांत नोंदवावे. ताळेबंदाबाहेर ठेवलेले देणे फिटत नाही. ते फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी माथी येते.