परवाना दुसऱ्याचा, जोखीम आपली

अभियंते कुशल, मालाला मागणी आणि किंमतही माफक, असे सारे अनुकूल असूनही एखादी संगणक कंपनी बंद पडू शकते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील पॉवर कॉम्प्युटिंग या कंपनीच्या बाबतीत हेच घडले. तिच्या संगणकांना चालविणारी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच कार्यप्रणाली, ॲपलच्या मालकीची होती.

या घटनाक्रमाची पार्श्वभूमी १९८१ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी आयबीएमने वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती आणि ती इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला होता. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी आयबीएमशी सुसंगत असे संगणक, म्हणजेच क्लोन, तयार केले. मायक्रोसॉफ्ट तेव्हा वैयक्तिक संगणक विकत नसल्याने प्रत्येक क्लोन तिच्या उत्पन्नात भरच घालत असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये सुटे भाग जोडून संगणक देण्याचा व्यवसाय फोफावला, तोही याच रचनेच्या आधारे.

ॲपलचे गणित वेगळे होते. तिचा नफा प्रामुख्याने यंत्रांच्या विक्रीतून येत असे. बाजारातील हिस्सा घटू लागल्याने १९९४ मध्ये तिने इतरांना परवाने देण्याचे ठरविले. पॉवर कॉम्प्युटिंगचे संगणक १९९५ मध्ये बाजारात आले. पुढे मोटोरोला आणि युमॅक्स याही कंपन्या या व्यवसायात उतरल्या. क्लोनमुळे नवे ग्राहक मिळतील, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात क्लोन उत्पादकांनी कमी किमतीत वेगवान यंत्रे देऊन ॲपलचेच ग्राहक वळविले. परवाना शुल्कातून ही हानी भरून निघण्याजोगी नव्हती. १९९७ च्या आर्थिक वर्षात ॲपलचा तोटा एक अब्ज डॉलरहून अधिक झाला.

त्याच वर्षी स्टीव्ह जॉब्स यांच्याकडे ॲपलची सूत्रे आली. जुने परवाने सिस्टीम ७ या मालिकेपुरते होते. जुलै १९९७ मध्ये नवी आवृत्ती मॅक ओएस ८ या नावाने आली आणि नव्या परवान्यांचा निर्णय ॲपलच्या हाती राहिला. सप्टेंबरमध्ये सुमारे १० कोटी डॉलर मूल्याचे समभाग देऊन ॲपलने पॉवर कॉम्प्युटिंगची प्रमुख मालमत्ता विकत घेतली. त्यानंतर काही महिन्यांतच त्या कंपनीचे कामकाज थांबले.

फ्लोरिडातील सायस्टार कंपनीने २००८ मध्ये याच वाटेने, मात्र परवान्याविना, जाण्याचा प्रयत्न केला. ॲपलने दावा दाखल केला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाने स्वामित्वहक्कभंगाचा निर्णय दिला, विक्रीवर कायमची मनाई आली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला.

एका कंपनीने नियम पाळले, दुसरीने मोडले. शेवट मात्र सारखाच झाला. परवाना देणाऱ्याचा लाभ परवाने देण्यात असेल, तोवरच परवाना घेणाऱ्याचा उद्योग सुरक्षित राहतो.

हा प्रश्न भारतालाही परका नाही. अँड्रॉइडच्या संदर्भात वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मोबाइल उत्पादकांवर घातलेल्या अटी हा त्यातील कळीचा मुद्दा होता. परक्या कार्यप्रणालीवर यंत्रे उभारणाऱ्या उद्योगांनी परवान्याच्या शुल्काइतकेच त्याच्या मुदतीकडे आणि तो देणाऱ्याच्या हितसंबंधांकडेही लक्ष दिले पाहिजे.