बंगला 'इको-फ्रेंडली', आणि पाणी टँकरचं!

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, पण वाचा.

गेल्या रविवारी महाबळेश्वरच्या डोंगरात एका नव्या हॉलिडे होमच्या उद्घाटनाला गेलो होतो. पत्रकाराला असली आमंत्रणं येतातच. पाटीवर 'निसर्गाच्या कुशीत, शंभर टक्के इको-फ्रेंडली'. छतावर सोलर, बाथरूममध्ये बांबूचा टूथब्रश. सगळं छान. मागच्या बाजूला गेलो तर जेसीबीने डोंगर उभा कापलेला, लाल माती उघडी. शेजारी स्विमिंग पूल. आणि गेटवर टँकर उभा!

आता जरा विचार करा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कृष्णा, कोयना इथूनच निघतात. तरी उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर हंडे घेऊन बायका रांगेत. कारण पाऊस काळ्या कातळावरून खाली पळतो. जे थोडं मुरतं, ते माती आणि झाडांमुळे. तेच झऱ्याला येतं. उतार कापून फरशी घातली की मुरणार कुठे? वर बोअर मारला की खालचा झरा आटायची भीती.

आमच्या आजोळचं घर बघा. जांभ्या दगडाचं, कौलारू, उतरतं छप्पर. पावसाळ्याआधी भिंतींना गवताची झड बांधायची. जागा सपाट निवडायची, ओढ्याची वाट सोडायची. 'सस्टेनेबल' हा शब्द आजीला माहीत नव्हता. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे मात्र पक्कं माहीत होतं.

माळीण (2014), तळीये (2021), इर्शाळवाडी (2023). तिन्ही जुलै महिन्यात. बंगल्यांमुळे हे झालं असं मी म्हणत नाही, उगाच कुणावर ढकलणं बरोबर नाही. पण सह्याद्रीचा उतार मुसळधार पावसात किती सहन करतो, हे आपण तीनदा बघितलं. तरी पायथा कापायचा?

कायदा नाही असं नाही. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे. 2011 साली माधव गाडगीळ समितीने अख्ख्या पश्चिम घाटाबद्दल सांगून ठेवलं. आपण अहवालावर भांडत बसलो, जेसीबी काम करत राहिला.

खरं सांगायचं तर मीही साव नाही. आमच्या दिवाळी अंकात अशाच एका प्रकल्पाची पानभर जाहिरात होती. पैसे घेतले, प्रश्न विचारला नाही. माझ्या मामाने जमीन विकली, आता त्याचा पोरगा तिथेच वॉचमन आहे. स्वतःच्या बांधावर उभा राहून दुसऱ्याच्या गाडीला सलाम ठोकतो. मामाला दोष कसा देऊ? पोरीचं लग्न होतं, भाताने पैसा येत नव्हता.

म्हणून 'डोंगरात येऊ नका' असं म्हणणार नाही. या, गावकऱ्यांच्या घरी राहा, पिठलं-भाकरी खा, पैसा गावात राहू द्या. फक्त बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: पाणी कुठून येतं? सांडपाणी कुठे जातं? डोंगर किती कापला?

मालक गडबडला तर समजून जा.

पुढच्या अंकापासून जाहिरात घेताना हेच तीन प्रश्न मी विचारणार आहे. पान रिकामं गेलं तरी चालेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.