परराज्यातली जुनी गाडी : चावीआधी कागद

पै-पै जमवून जुनी चारचाकी घ्यायची म्हटली की आपली नजर आधी किमतीवर जाते. दिल्लीकडची गाडी इथल्यापेक्षा स्वस्त मिळते, असे एजंट आवर्जून सांगतो. त्याला कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी केली. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही तसाच झाला. तेव्हापासून मुदत भरत आलेल्या कितीतरी गाड्या तिथून इतर राज्यांत कमी भावात जाऊ लागल्या. 2025 साली न्यायालयाने कारवाईत काही सवलत दिली, पण गाडी घेणाऱ्याला कागद तपासणे चुकलेले नाही.

गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायची, तर मोटार वाहन कायदा 1988, कलम 48 प्रमाणे मूळ आर.टी.ओ.चा ना हरकत दाखला लागतो. त्यासाठीचा अर्ज म्हणजे फॉर्म 28. दाखला देण्याआधी त्या कार्यालयाने कर भरला आहे का ते पाहायचे असते आणि गाडी चोरीची नाही असा पोलिसांचा अहवाल घ्यायचा असतो. म्हणून हा दाखला नसलेली गाडी कितीही चकचकीत असली, तरी हात लावू नये. ‘दाखला मागाहून पाठवतो’ असे म्हणणाऱ्याला ‘पैसेही मागाहून देतो’ असे सरळ सांगावे.

दाखला हाती आला की तीन गोष्टी बघा. पहिली, तो आपल्याच आर.टी.ओ.च्या नावे आहे ना? दुसरी, त्यावरचा चेसिस आणि इंजिन नंबर आर.सी. बुकाशी जुळतो का? तिसरी, तोच नंबर गाडीच्या लोखंडावर आहे का? बॉनेट उघडून, बॅटरी लावून एकेक अक्षर वाचा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर सौदा तिथेच सोडा.

ना हरकत दाखला आणि नोंदणी रद्द होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखल्याने गाडी दुसरीकडे नेता येते आणि तिथे नवा नंबर मिळतो. पण गाडी मोडीत निघाली म्हणून कलम 55 खाली नोंदणी रद्द झाली असेल, तर हातातले बुक म्हणजे रद्दी. केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून सध्याची स्थिती पाहता येते. थकलेली चलनेही तिथेच तपासावीत. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीला हे काम दहा मिनिटांचे आहे.

परदेशातून गाडी आणणाऱ्यालाही हाच न्याय आहे. जपानमधून जुनी गाडी बाहेर पाठवायची, तर आधी तिथली नोंदणी काढून निर्यातीचा दाखला घ्यावा लागतो. जुन्या वहीतून नाव नीट निघाले, तरच नव्या वहीत चढते.

आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे पत्र आणि तिच्या सहीचा फॉर्म 35 मागा. ‘हप्ते फिटले’ हे तोंडी चालत नाही. मालकी बदलासाठी फॉर्म 29 आणि 30 वर सही खुद्द नोंदणीतल्या मालकाची हवी. कोऱ्या फॉर्मवर एजंटने आणलेली सही घेऊ नका. परराज्यातल्या विक्रेत्याने 45 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विमा नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करा. महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरावा लागतो. तो किती, हे सौद्याआधीच आर.टी.ओ.त विचारा, नाहीतर स्वस्त गाडी महागात पडते. आणखी एक, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवता येत नाही. त्या आशेवर कर्ज काढू नका.

विकणाऱ्यानेही सावध राहावे. विकलेली गाडी चार हातांत फिरली, नोंदणीत नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले आणि 2009 साली तिच्याखाली एक मूल दगावले, असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. फेब्रुवारी 2018 च्या निकालात न्यायालयाने भरपाई नोंदणीतल्या मालकावरच टाकली. आपली जुनी मोटारसायकल विकणाऱ्यालाही हे लागू आहे.

म्हणून विसार द्या तो थोडा आणि पावती घेऊन. मोठी रक्कम चेकने द्या आणि त्यातला काही भाग नाव चढेपर्यंत राखून ठेवा. हे सगळे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. हे ऐकून विक्रेता रागावला, तर रागावू द्या. पैसे आपल्या घामाचे आहेत.