आपला मोर्चा उंबऱ्यापाशी का थांबतो?

ॲट्रॉसिटीची कलमं आपल्या पोरांना तोंडपाठ आहेत. ठाणे अंमलदार गुन्हा नोंदवायला टाळाटाळ करू लागला की कायद्याचं पुस्तक त्याच्या टेबलावर आपटतात. आपटलंच पाहिजे. पण १९८९ चा तो कायदा आपल्या उंबऱ्यापाशी थांबतो. मारणारा आपल्याच जातीचा असला तर तो लागत नाही. मग आपला मोर्चाही तिथंच थांबतो.

बाई सुजलेलं तोंड घेऊन शाखेत येते. चार कार्यकर्ते बसतात. नवऱ्याला बोलावणं जातं. तो बाबासाहेबांच्या फोटोसमोर कान धरतो, पुन्हा हात उचलणार नाही म्हणतो. चहा येतो. बाई घरी जाते. रात्री दार लागतं आणि शाखेत गेल्याचा हिशेब तिच्या पाठीवर चुकता होतो. आपण याला समझोता म्हणतो. मी याला जातपंचायत म्हणते. गाव सोडून शहरात आलो, पण येताना ती ट्रंकेत घालून आणली.

बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये सासुरवाशिणींच्या पायातला लाकडी खोडा लिहिला, कापलेली नाकं लिहिली. स्वतः खाल्लेला मार मात्र पुस्तकात नाही. तो त्यांनी पुढं एका मुलाखतीत सांगितला. आमचं जिणं जगापुढं मांडणाऱ्या बाईला हे बोलायला इतकी वर्षं लागली, तर चार घरची धुणीभांडी करणारी कधी बोलणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी फक्त १४ टक्क्यांनी मदत मागितली होती. बाकीच्या गप्प.

मित्र म्हणतात, ताई, घरची लक्तरं वेशीवर टांगू नका. पोलीस आधीच आपल्या पोरांना उचलायला टपलेत. सवर्ण म्हणतील, बघा यांची लायकी. अरे, त्यांच्या बंगल्यात काय बायांवर फुलं उधळतात? तिथल्या भिंती जाड आहेत, एवढंच. राहिली पोलिसांची भीती. ती खरी आहे. आणि ती त्या बाईलाही आहे. ती म्हणते, त्याला आत टाकू नका, खाडे पडतील, पोरं उपाशी राहतील. फक्त मारायचं थांबवा.

दोस्तहो, नेमकं हेच करणारा कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. बाईनं दंडाधिकाऱ्याकडं कलम १२ खाली अर्ज करायचा. कोर्ट नवऱ्याला हुकूम देतं : हात लावू नकोस, कामाच्या ठिकाणी जाऊन तमाशा करू नकोस, खर्चाला पैसे दे. झोपडीचा फोटोपास नवऱ्याच्या नावावर असो, खोली भाड्याची असो, तिला तिथं राहण्याचा हक्क आहे. कोर्ट त्यालाच बाहेर काढू शकतं. लग्न विहारात लागलं आणि नोंदणी नाही, तरी चालतं. नवऱ्याला लगेच तुरुंग नाही. हुकूम मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. म्हणून अर्जासोबतच कलम २३ चा अंतरिम हुकूम मागायचा. सगळं संपेपर्यंत थांबायचं नाही.

वकिलाची फी कुठून आणायची? आणायचीच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक बाईला फुकट वकील आहे, अनुसूचित जातीच्या प्रत्येक माणसाला आहे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आपली बाई तर दोन्हीकडून हक्कदार. तरी ती कोर्टाबाहेरच्या दलालाला मंगळसूत्र मोडून पैसे देते, कारण तिला हे कुणी सांगितलेलंच नाही.

गेल्या पावसाळ्यात मी एकीबरोबर चौकीत गेले. डोकं फुटलेलं. हवालदार म्हणाला, नवराबायकोचं भांडण आहे, एन.सी. घेतो. एन.सी.चा कागद म्हणजे हातात तुरी. छळ सोसलेल्या बाईनं स्वतः तक्रार दिली की तो दखलपात्र गुन्हा आहे. पूर्वी ४९८अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. आम्ही हटलो नाही. दोन तासांनी एफ.आय.आर. झाला. बाईबरोबर कलम माहीत असलेलं माणूस होतं, एवढाच फरक.

म्हणून माझं मागणं साधं आहे. शाखेतले समझोते बंद करा. बाई आली की आधी सरकारी दवाखान्यात न्या. 'नळावर पडले' असं नाही, 'नवऱ्यानं मारलं' असं केसपेपरवर लिहून घ्या. मग महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं जा. तो कौटुंबिक घटनेचा अहवाल लिहितो आणि दंडाधिकाऱ्याकडं धाडतो. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबई पोलिसांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आज असे कक्ष राज्यभर आहेत, तिथं न्या. शेजारच्या खोलीतून किंकाळी ऐकू आली तर बाईची वाट बघू नका. कलम ४ खाली कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

आणि मारणारा आपला कार्यकर्ता असेल तर? तर त्याला मंचावरून खाली उतरवा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली, त्यावर तो दरवर्षी तासभर बोलतो. आधी त्यानं घरातली जाळावी, मग बोलावं.

शाखेच्या फळ्यावर आज तीन नंबर लिहा : पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, फुकट वकील १५१००. मोठ्या अक्षरात लिहा. वाचता न येणाऱ्या बाईला वाचून दाखवा. पुढल्या बैठकीत मी विचारणार आहे, कोणत्या शाखेनं लिहिले आणि कोणत्या नाही.

जयभीम.