शेतकऱ्याने निवडणूक लढवू नये, हे ठरवले कुणी?

मध्य प्रदेशच्या बालाघाटमध्ये एखादा वयस्क शेतकरी नामांकन भरायला निघाला, की शेती मुलांकडे सोपवलेल्या या माणसाला आता कुठले राजकारण सुचले, असे लोक म्हणू लागतात. कुणी म्हणतो मते खायला उभा केला, कुणी म्हणतो डिपॉझिट जाणार. कटंगी, वारासिवनी, लांजीत आणि वैनगंगेच्या खालच्या अंगाला गोंदिया-भंडाऱ्यातही आपण हे ऐकले आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते बोलूनही दाखवले आहे. त्याविषयी काही मुद्दे.

१. ज्याला आपण अशक्य म्हणतो, ते याच जिल्ह्यात घडलेले आहे. १९८९ साली बालाघाटने शेतकऱ्यांचे नेते कंकर मुंजारे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. त्याआधीच्या दोन्ही निवडणुका येथे काँग्रेसने जिंकल्या होत्या. पस्तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, मुंजारे बहुजन समाज पक्षाकडून पुन्हा उभे राहिले. पत्नी अनुभा मुंजारे बालाघाटच्या काँग्रेस आमदार. एका घरात दोन पक्षांचा प्रचार नको म्हणून ते मतदान होईपर्यंत घर सोडून झोपडीत राहायला गेले. देशभर बातमी झाली ती या नवरा-बायकोच्या मतभेदाची. धानाविषयी, सिंचनाविषयी हा माणूस काय म्हणत होता, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते? ते हरले, भाजपच्या भारती पारधी निवडून आल्या. मतदारांचा कौल मान्यच आहे. पण उमेदवाराचे म्हणणे न ऐकता त्याच्या संसाराची चर्चा करणे, हा कौल नव्हे.

२. कायद्याने दार बंद केलेले नाही, उंबरठा मात्र उंच करत नेला आहे. १९९६ ची लोकसभा निवडणूक आठवा. सीमाप्रश्नाकडे दिल्लीने पाहावे म्हणून बेळगावात मराठी माणसांनी अर्जांचा पाऊस पाडला. रिंगणात ४५६ उमेदवार राहिले. फ्लोराइडच्या पाण्याने हाडे वाकलेल्या नलगोंड्यात ४८० उमेदवार होते. तामिळनाडूत मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात तर १,०३३. यातून सरकारने काय धडा घ्यायला हवा होता? सीमाभागाचे ऐकावे, नलगोंड्याला पाणी द्यावे. प्रत्यक्षात त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून थेट १०,००० वर नेली गेली आणि मान्यताप्राप्त पक्षाबाहेरच्या उमेदवाराला दहा सूचक सक्तीचे झाले. पक्षाच्या उमेदवाराला मात्र एकच सूचक पुरतो. १९९६ मध्ये देशात १३,९५२ उमेदवार होते, १९९८ मध्ये उरले ४,७५०. आज अनामत २५,००० आहे आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत, तर ती जप्त होते. कोट्यधीशाला ही रक्कम जाणवतही नाही. दोन एकर धान करणाऱ्याचा हंगामच त्यात जातो. सध्याच्या लोकसभेतले ९३ टक्के खासदार कोट्यधीश आहेत, त्यात नवल ते काय? तक्रार करणाऱ्यांची संख्या घटवून तक्रार मिटत नसते.

३. अर्ज मंजूर झाला तरी शर्यत सारखी नसते. मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, आणि सगळ्यात खाली अपक्ष. पक्षाचे चिन्ह लोकांना वर्षानुवर्षे पाठ असते. अपक्षाला ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर मिळते आणि हाती जेमतेम दोन आठवडे राहतात. तेवढ्यात परसवाड्यापासून बरघाटपर्यंत ते कसे पोहोचवायचे? मान्यताप्राप्त पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात धरत नाहीत. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. मग डिपॉझिट गेले म्हणून त्या शेतकऱ्याला हसताना आपण नेमके कशाला हसतो?

४. यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. डमी उमेदवार असतात. २०१४ मध्ये रायगडमध्ये राष्ट्रवादीचे सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मते पडली. ही मतदारांची फसवणूकच होती. पण २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात अपक्षांना निवडणूक लढवण्यास बंदीच घालावी, अशी शिफारस केली. तशी बंदी तेव्हा असती, तर १९८९ चा बालाघाटचा कौलच बेकायदा ठरला असता! डमी उमेदवाराला गाठणारा उपाय हवा, प्रामाणिक उमेदवाराला संपवणारा नको.

५. राहता राहिले वय. क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेत गेले तेव्हा सदुसष्टीला आले होते, आणि बीड त्यांचा जिल्हाही नव्हता. सदाशिवराव मंडलिक २००९ मध्ये पंचाहत्तरीकडे झुकलेले असताना कोल्हापुरातून अपक्ष निवडून आले. नेत्याचे वय अनुभव ठरते आणि शेतकऱ्याचे वय अडगळ, हा न्याय कुठला?

६. शिवाय हा माणूस उभा का राहतो, ते विचारा. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपच्या संकल्पपत्रात मध्य प्रदेशच्या धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये लिहिलेले होते. त्या हंगामात केंद्राचा हमीभाव होता २,१८३. शेजारच्या छत्तीसगडमध्ये शेतकऱ्याच्या हाती ३,१०० पडले. एकच पीक, एकच पाऊस, मध्ये राज्याची सीमा. बालाघाटच्या ज्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो पिकवणाऱ्याने हा फरक कोणाकडे मांडायचा? म्हातारपणाचीही तीच गत. २०१९ मध्ये शेतकऱ्यांसाठी साठीनंतर महिना ३,००० रुपयांची मानधन योजना आली, पण नोंदणी १८ ते ४० वयाच्यांचीच. त्या दिवशी जो चाळिशी ओलांडलेला होता, तो कायमचा बाहेर. त्याने अर्ज केले, निवेदने दिली, खरेदी केंद्रावर रांगा लावल्या. आता तो मत मागतो आहे, तर ही त्याची शेवटची आणि सगळ्यात कायदेशीर मागणी आहे.

७. अशी मागणी वाया जात नाही. २०१९ मध्ये नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातल्या निजामाबादमध्ये हळद आणि ज्वारीचे शेतकरी एकवटले. रिंगणात १८५ उमेदवार झाले. निवडणूक आयोगाला खास यंत्रे आणावी लागली. एकेका केंद्रावर बारा-बारा मतयंत्रे जोडली गेली. शेतकरी एकही जिंकला नाही. पण तेलंगणाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची कन्या कविता तेथे हरल्या, हळद मंडळ हा प्रचाराचा मुद्दा झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन निजामाबादलाच झाले. त्यासाठी दीडशेहून जास्त घरांनी प्रत्येकी पंचवीस हजार रुपये पणाला लावले, याची लाज शेतकऱ्यांनी नव्हे, व्यवस्थेने बाळगायला हवी.

८. म्हणून मागण्या साध्या आहेत. रोख अनामतीऐवजी मतदारसंघातल्या ठरावीक मतदारांच्या पडताळलेल्या सह्या घ्या. पैसे टाकून उभा केलेला डमी त्या जमवू शकणार नाही. यंत्रावरची नावे गट न पाडता लावा. चिन्ह लवकर द्या. आणि आपल्याकडून एवढे व्हावे, की गावात सर्वपक्षीय सभा घ्यायची झाली तर अपक्षालाही व्यासपीठावर खुर्ची द्यावी आणि आमदाराला विचारू तेच प्रश्न त्यालाही विचारावेत: धानाचा भाव, राजीव सागर धरणाचे पाणी, खरेदी केंद्रावरची तोलाई. मध्य प्रदेशात पंचायतींच्या निवडणुका २०२२ मध्ये झाल्या. पाच वर्षांची मुदत संपत आली की पुन्हा अर्ज निघतील. सुरुवात तिथूनच करता येईल.