पडद्यावरची शिकवणी

दांडियाबाजार, रावपुरा भागांतील आपल्या मराठी घरांतून सध्या एक प्रश्न वरचेवर कानी पडतो. परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या चिरंजीवाने वा कन्येने ‘आयेल्ट्स’ या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी वर्गात जाऊन करावी, की घरबसल्या ऑनलाइन? २०२० च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेले ते नाइलाजाने. पुढे टाळेबंदी उठली, पडदा मात्र राहिला.

मुलांनाच विचारले, तर वेळ वाचतो, अलकापुरीची खेप वाचते, हे सारीच सांगतात. मकरपुऱ्याच्या कारखान्यातून पाळी संपवून येणाऱ्यास तर दुसरा मार्गच नसतो. परंतु अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील एक मुलगी म्हणाली, “काकू, ध्वनिमुद्रित पाठ मी तीनदा ऐकते. वर्गात सरांना पुन्हा विचारायची लाज वाटते.”

ही लाज क्षुल्लक समजू नये. घरी मराठी, शेजारी गुजराती, अशा वातावरणात वाढलेल्या मुलांना इंग्रजी वाचून उत्तम समजते. बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. ज्या शहराच्या कॉलेजात श्रीअरविंदांनी इंग्रजी शिकवले, तेथील मुलांची ही गत!

परीक्षेची अंगे चार: श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण. वाचनाचा सराव घरी उत्तम होतो. श्रवणाचाही होतो, मात्र परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. तीनदा ऐकण्याची सवय तेथे अंगाशी येते. खरी कसोटी संभाषणाची. परीक्षकाशी अकरा ते चौदा मिनिटे बोलायचे, त्यातही मिनिटभराच्या तयारीवर एका विषयावर दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचे. कॅमेरा बंद ठेवून तास ऐकणाऱ्यास हे कसे साधावे? “दोन महिन्यांत माझा आवाज कोणी ऐकलाच नाही,” असे एक मुलगा सांगत होता. घरी मोठ्याने सराव करावा, तर दोन खोल्यांत आजींची मालिका चालू आणि धाकटी भावंडे हसायला टपलेली.

अनेक विद्यापीठे प्रत्येक अंगाचे किमान गुण स्वतंत्रपणे मागतात. एकूण गुण भरघोस असूनही संभाषणातील अर्ध्या गुणापायी प्रवेश अडतो आणि परीक्षेचे भारी शुल्क पुन्हा भरावे लागते.

तेव्हा पालकांनी शिकवणीची फी विचारण्याआधी एका तासात आपल्या मुलाला किती मिनिटे बोलावयास मिळतील, हे विचारावे. पन्नास मुलांच्या खोलीत तो मुकाच बसणार असेल, तर पाच-सहा जणांचा ऑनलाइन वर्ग मला अधिक पसंत आहे.