सदक्याची पाखरे

घरात कुणी सारखे आजारी पडू लागले, नजर लागली असे वाटले, की एखादी खाला हमखास सुचवते: बाजारातून चार चिड्या आणा, डोक्यावरून उतरवा आणि सोडून द्या. सदका झाला, बला टळली! लहानपणी दादीबरोबर मीही हे केले आहे. तेव्हा दुसऱ्यांकडे बोट दाखवायचा हक्क मला नाही.

पण या चिड्या पिंजऱ्यात येतात कुठून, हे आपण कधी विचारले? या असतात मुनिया. गवताच्या बिया खाणारे, थव्याने राहणारे रानपाखरू. त्यांना दुकानात कुणी वाढवत नाही, माळावर जाळे लावून धरतात. शहरात पोचेपर्यंत कितीतरी गुदमरून मरतात, आणि मेलेल्यांची किंमतही आपल्याकडूनच वसूल होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुनिया असो वा देशी पोपट, पकडणे आणि विकणे गुन्हा आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात वनखात्याच्या धाडी पडल्या, तरी धंदा संपला नाही. विदेशी लव्हबर्ड उघड विकता येतात, त्यांच्या आडून हेही विकले जाते.

म्हणजे आपण चार सोडल्या की चिडीमार उद्या आणखी चार धरणार. आपला सवाब हीच त्याची मागणी. (जीवदयेच्या नावाने पिंजरे रिकामे करणारे शेठही याच गिऱ्हाइकांत आहेत, पण त्यांचे त्यांनी बघावे.) आणि सुटलेले पाखरू जाते कुठे? उपाशी, पंखांत ताकद नाही, समोरच्या तारेवर जाऊन बसते. सदका कावळ्याला पोचतो.

असे बोलले की कुणीतरी अबू उमैरची हदीस काढतो. त्या मुलाने पाखरू पाळले होते, पैगंबरांनी (स.) मनाई केली नाही. खरे आहे. दाणापाणी नीट देऊन पाळण्याबद्दल माझा वादच नाही. पण अबू दाऊद यांच्या संग्रहातली दुसरी हदीस हे लोक सोयीने विसरतात. प्रवासात सहाबींनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली, ती तडफडत घिरट्या घालू लागली. पैगंबरांनी (स.) जाब विचारला आणि पिल्ले परत करायला लावली. तिथे पकडणाऱ्याच्या हातावर कुणी पैसे ठेवले नव्हते.

खाला विचारेल, मग उतरवायचे काय? तांदूळ उतरवा, आणि गल्लीत ज्या घरी चूल पेटलेली नाही तिथे देऊन या.